निकेल कॅटॅलिस्टवर पुन्हा पुन्हा कार्बन साचतोय? मिथेन रिफॉर्मिंगच्या रिॲक्टरची क्रमाने तपासणी

मिथेनपासून सिनगॅस (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण) करणाऱ्या, म्हणजे रिफॉर्मिंगच्या, छोट्या रिॲक्टरवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी गाठतेच. रन व्यवस्थित सुरू होतो, सुरुवातीचे आकडे मनासारखे येतात, मग इनलेटचं प्रेशर हळूहळू चढायला लागतं आणि शेवटी नळी उघडली की आत काळी भुकटी ठासून भरलेली असते. बेड, म्हणजे नळीत भरलेला कॅटॅलिस्टचा थर, जाळून साफ करायचा, रन पुन्हा लावायचा, की पुन्हा तेच. हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरला आहे की एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो: दोष बहुतेक वेळा कॅटॅलिस्टमध्ये नसतो, फीडमध्ये (आत सोडलेल्या वायूंमध्ये), तापमानात किंवा गॅस चालू-बंद करण्याच्या क्रमात असतो. आणि तो सापडत नाही याचं कारण म्हणजे कार्बन नेमका कुठे साचलाय हे न बघताच जाळला जातो. जाळला की पुरावा गेला.

खाली लिहिलेलं सगळं फिक्स्ड बेड, निकेलवर आधारित कॅटॅलिस्ट आणि मिथेनसोबत वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड असा फीड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मोठ्या प्लांटची गोष्ट जिथे वेगळी आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसतं ते प्रेशर. फ्लो तोच, तापमान तेच, पण बेडच्या आधीचं प्रेशर तासागणिक वर जातं. गंमत अशी की अनेकदा मिथेनचं कन्व्हर्जन (त्यातला किती भाग बदलला ते) तेव्हाही जागच्या जागी असतं, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. निकेलवर कार्बनचे बारीक तंतू वाढतात तेव्हा निकेलचा कण तंतूच्या टोकावर उचलला जातो आणि तिथेही तो काम करत राहतो. ॲक्टिव्हिटी शाबूत, पण कणांमधली जागा तंतूंनी भरत जाते. पुढे पेलेट, म्हणजे कॅटॅलिस्टच्या गोळ्या, आतून फुटतात आणि बेड एकदम तुंबतो.

याच्या उलटंही घडतं. प्रेशर स्थिर, पण कन्व्हर्जन सतत उतरतं. हा कार्बन निकेलच्या कणाला पातळ थरासारखा झाकून टाकतो. कमी तापमानाला, साधारण ५०० अंशांच्या खाली, आणि फीडमध्ये जड हायड्रोकार्बन असतील तर हा प्रकार जास्त. तिसरा प्रकार म्हणजे गॅसमध्येच मिथेन फुटून तयार होणारा कार्बन, जो तापलेल्या भिंतीवर आणि कणांवर चकचकीत करडा लेप धरतो. तो जास्त तापमानाचा सोबती.

जीसीच्या (वायूंचं मिश्रण तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या) आकड्यांतही खुणा दिसतात. ड्राय रिफॉर्मिंगमध्ये, म्हणजे वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरताना, एकास एक फीडला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण सहसा एकच्या किंचित खाली असतं, कारण थोडा हायड्रोजन उलट्या शिफ्ट अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइडसोबत खर्च होऊन पाणी बनतो. वाफ न घालताही हे प्रमाण एकच्या वर जाऊ लागलं तर मिथेन नुसता फुटतोय किंवा कार्बन मोनॉक्साइड विघटित होतोय असं समजा. दोन्ही वाटा कार्बनकडेच जातात.

आणखी एक खूण बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. भट्टीची सेटिंग तीच असताना बेडमधलं तापमान आपोआप वर सरकतं. रिफॉर्मिंग उष्णता शोषणारी अभिक्रिया आहे, वाफेसोबत मोलमागे २०६ किलोजूल आणि कार्बन डायऑक्साइडसोबत २४७. कॅटॅलिस्ट झाकला गेला की उष्णता खाणारं कोणी उरत नाही. मोठ्या रिफॉर्मरमध्ये हीच गोष्ट नळीवर लालभडक पट्टे होऊन बाहेरूनच दिसते.

कार्बन बॅलन्सबद्दल, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या कार्बनच्या हिशेबाबद्दल, मात्र सावध राहा. ‘बॅलन्स ९९ टक्के येतोय, म्हणजे कार्बन नाही’ असं फार ऐकू येतं. मिनिटाला १० मिलि मिथेन आणि १० मिलि कार्बन डायऑक्साइड असा फीड धरा. त्यातला १ टक्का कार्बन बेडमध्ये राहिला तर २४ तासांत सुमारे १४० मिलिग्रॅम साचतो. बेडमध्ये कॅटॅलिस्टच १०० मिलिग्रॅम असेल तर त्याच्या वजनापेक्षा जास्त! जीसीची चूक सहज १-२ टक्के असते. म्हणजे नळी तुंबवायला पुरेल इतका कार्बन या मोजमापात दिसणारच नाही. बॅलन्स काढायचाच असेल तर फीडमध्ये नायट्रोजनचा ठरावीक प्रवाह ठेवा आणि त्याच्या आधाराने हिशेब करा, कारण अभिक्रियेत दोन आकारमानांची चार होतात आणि बाहेरचा फ्लो आत सोडलेल्याइतका राहत नाही.

कार्बनसारखं दिसणारं, पण कार्बन नसलेलं

कन्व्हर्जन उतरलं म्हणजे कार्बनच असं नाही. गंधकाचा विषारी परिणामही तसाच दिसतो: प्रेशर हलत नाही, मिथेन न बदलता बाहेर पडतो. निकेलचे कण एकमेकांत मिसळून मोठे झाले तर घसरण सुरुवातीला वेगाने होते आणि मग सपाट होत जाते. प्रेशर चढलं पण कन्व्हर्जन, प्रमाण, तापमान सगळं जसंच्या तसं असेल तर बेडच्या नंतरची लाइन आधी बघा. कंडेन्सरमध्ये पाणी अडलेलं असणं किंवा बेडखालचं क्वार्ट्झ वूल (क्वार्ट्झच्या तंतूंचा बोळा) सरकून दाबलं जाणं हे नेहमीचं आहे.

मुळात कार्बन होतोच का

हे दोन मिनिटं वाचा, पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण यात आहे. कार्बन दोन मुख्य वाटांनी येतो. पहिली, मिथेन फुटून कार्बन आणि हायड्रोजन. ही उष्णता शोषते, म्हणून तापमान वाढेल तशी जोर धरते. दुसरी, कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंपासून कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बुडुआर अभिक्रिया. ही मोलमागे १७२ किलोजूल उष्णता सोडते, म्हणून थंडाव्याला जोर धरते आणि साधारण ७०० अंशांच्या वर मागे पडते. साधारण ५५० ते ७०० अंशांचा पट्टा त्यामुळे सगळ्यात वाईट, कारण तिथे दोन्ही वाटा उघड्या असतात.

निकेलच्या पृष्ठभागावर कार्बन सतत तयार होतच असतो. वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड तो सतत खरवडून नेत असतात. सगळा खेळ या दोन वेगांचा. खरवडणं जरा जरी मागे पडलं, अगदी काही सेकंद, तरी सुटा कार्बन निकेलमध्ये विरघळतो, कणाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि तंतू सुरू होतो. एकदा सुरू झालेला तंतू काढणं अवघड. म्हणूनच सरासरी आकडे बरोबर असूनही नळी तुंबते. प्रश्न सरासरीचा नसतो, मधल्या कोरड्या क्षणांचा असतो.

तपासणी, फुकटापासून महागापर्यंत

पहिली तपासणी नोंदवहीची. गॅस कोणत्या क्रमाने सुरू आणि बंद केले ते बघा. गरम, रिड्यूस झालेल्या (ऑक्साइडपासून धातू बनलेल्या) निकेलवर एकटा मिथेन कधीच जाता कामा नये. सुरू करताना आधी वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड, मग मिथेन. बंद करताना आधी मिथेन, मग बाकीचे. निव्वळ वाफेत निकेल फार वेळ राहिलं तर ऑक्सिडाइज होतं, म्हणून त्या वेळात थोडा हायड्रोजन चालू ठेवा. रात्रीत वीज गेली असेल किंवा पाण्याचा पंप मध्येच थांबला असेल तर तेही नोंदीत सापडेल. पंप थांबला आणि मिथेन चालू राहिला, तर कारण तिथेच संपलं. पुढचं काही शोधण्याआधी पंप बंद पडताच मिथेनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल अशी सोय करा.

रिॲक्टर ज्या तापमानातून वर नेला जातो तेही याच नोंदीत बघा. अनेकांचा प्रयोग ५५० किंवा ६०० अंशांपासून पायरीपायरीने वर चढतो. बेड सगळ्यात वाईट पट्ट्यात तासन्‌तास बसतो आणि ८०० ला पोचेपर्यंत तंतू रुजलेले असतात. तापमानाचा परिणामच तपासायचा असेल तर वरून खाली या: हायड्रोजन आणि नायट्रोजनमध्ये ८०० पर्यंत जा, तिथे फीड सुरू करा आणि मग उतरा. या एका बदलाने मी अनेकांचे रन वाचलेले पाहिले आहेत, आणि त्याला खर्च शून्य आहे.

दुसरी तपासणी प्रेशरची, नळी न उघडता. मिथेन बंद करून ठरावीक फ्लोचा नायट्रोजन सोडा आणि इनलेटचं प्रेशर वाचा. मग रिॲक्टरनंतरचा जोड सोडवून, गॅस एक्झॉस्टखाली ठेवून, पुन्हा वाचा. प्रेशर लगेच उतरलं तर अडथळा खालच्या लाइनमध्ये आहे, बेडमध्ये नाही. ताजा बेड भरल्यावर नायट्रोजनचं प्रेशर लिहून ठेवायची सवय लावा. तुलनेला काही नसेल तर हा आकडा मुका राहतो.

तिसरी तपासणी फ्लोची. साबणाच्या बुडबुड्याचा मीटर घ्या आणि प्रत्येक गॅस वेगवेगळा मोजा. मास फ्लो कंट्रोलर (गॅसचा प्रवाह ठरवणारी उपकरणं) नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेले असतील तर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींसाठी दुरुस्तीचा गुणक ०.७ च्या आसपास असतो. दोन्ही बिनदुरुस्तीचे वापरले तर एकूण फ्लो चुकतो, पण प्रमाण जवळपास बरोबर राहतं आणि कोणाला कळत नाही. धोका तेव्हा, जेव्हा एक कंट्रोलर बदलला जातो किंवा एकट्याचीच दुरुस्ती केली जाते. मग कागदावर एकास एक असलेलं प्रमाण प्रत्यक्षात एकास ०.७ होतं आणि खरवडणारा गॅस ३० टक्क्यांनी कमी पडतो. कार्बन डायऑक्साइड बुडबुड्याच्या पडद्यातून झिरपतो, म्हणून त्याचं वाचन थोडं कमी येतं. साबणाचं पाणी आधी त्याच गॅसने भिजवून घ्या आणि शक्यतो मोठ्या फ्लोवर मोजा.

वाफ : इथे जरा थांबा

स्टीम रिफॉर्मिंगमध्ये सगळ्यात जास्त घोळ मला इथे सापडला आहे, म्हणून हे जरा सविस्तर. औद्योगिक रिफॉर्मरमध्ये वाफ आणि कार्बनचं प्रमाण साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. प्रयोगशाळेतही बहुतेक जण ३ धरतात. आता मिनिटाला ०.०५ मिलि पाणी सोडलं असं समजा. त्याची वाफ, २५ अंश आणि वातावरणीय दाबावर मोजली असती तर, सुमारे ६८ मिलि. म्हणजे मिनिटाला २२-२३ मिलि मिथेनला प्रमाण बरोबर ३.

पण ०.०५ मिलि म्हणजे साधारण एक थेंब. पाण्याची बारीक नळी गरम भागाच्या वर नुसती लोंबत ठेवली असेल तर तिच्या टोकाला थेंब जमत राहतो, जड होतो आणि मिनिटाला एकदाच खाली पडतो. पडताच चर्र होऊन सगळी वाफ एकदम निघते आणि काही सेकंदांत बेडमधून निघून जाते. उरलेला बहुतेक मिनिट बेडला कोरडा मिथेन मिळतो. पंपावरचा आकडा अचूक, दिवसभराचं पाण्याचं वजन अचूक, आणि बेड मात्र दर मिनिटाला कार्बन धरतोय.

हे ओळखणं सोपं आहे. इनलेटचं प्रेशर सेकंदासेकंदाने बघा. ठरावीक अंतराने उसळी येत असेल तर वाफ ठोक्याठोक्याने जाते आहे. उपायही स्वस्त. पाण्याच्या नळीचं टोक गरम क्वार्ट्झच्या तुकड्यांना किंवा वूलला टेकवा, म्हणजे थेंब न बनता पाणी पसरेल. वाहक म्हणून थोडा नायट्रोजन सोबत द्या. बाष्पीभवन आणि बेड यांच्यात मिसळायला जागा ठेवा. आणि बाष्पकापासून बेडपर्यंतची सगळी लाइन १५० अंशांच्या आसपास गरम ठेवा. एक जोड उघडा राहिला तरी तिथे पाणी जमतं आणि नंतर एकदम सुटतं.

सॅच्युरेटर (गॅस गरम पाण्यातून नेऊन त्यात वाफ मिसळणारं भांडं) वापरत असाल तर तापमान फार नेमकं हवं. पाण्याचा बाष्पदाब ८० अंशांना ४७ किलोपास्कल, ९० ला ७०. दहा अंशांत वाफेचं प्रमाण कुठल्या कुठे जातं. बाथचं तापमान मोजू नका, सॅच्युरेटरच्या आतल्या पाण्याचं मोजा.

बेडचं खरं तापमान आणि कार्बनची जागा

चौथी तपासणी थर्मोकपलची, म्हणजे आत घालून तापमान मोजणाऱ्या तारेची. भट्टीचा डिस्प्ले म्हणजे बेडचं तापमान नव्हे. अभिक्रिया उष्णता खाते, त्यामुळे बेडचा वरचा भाग भट्टीपेक्षा कित्येक अंशांनी, कधी कधी दहा-दहांच्या पटीत, थंड असतो. नायट्रोजनमध्ये थर्मोकपल वर-खाली सरकवून नळीभरचं तापमान लिहा, मग फीड चालू असताना बेडमधलं बघा. तुमचा ७५० चा बेड प्रत्यक्षात ६८० वर चालत असेल तर तो वाईट पट्ट्यात आहे. उपाय म्हणजे कॅटॅलिस्टमध्ये निष्क्रिय क्वार्ट्झ मिसळून बेड पातळ करणं किंवा फ्लो कमी करणं. नुसती भट्टी वाढवली तर भिंत तापते आणि मधला भाग थंडच राहतो.

पाचवी तपासणी म्हणजे नळी उघडणं, आणि इथेच घाई घात करते. मिथेन बंद करा, बाकीचं बंद करा आणि बेड गरम असतानाच नायट्रोजनने नीट फ्लश करा. बेड २०० अंशांच्या खाली येण्याआधी त्यात कार्बन मोनॉक्साइडचा लवलेश राहता कामा नये. कमी तापमानाला निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून निकेल कार्बोनिल बनतं. लुडविग मॉन्ड आणि सहकाऱ्यांनी १८९० मध्ये शोधलेलं हे संयुग ४३ अंशांना उकळतं, म्हणजे सहज हवेत जातं, आणि ते अतिशय विषारी आहे. फ्लश झालं की नायट्रोजनमध्येच खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्या. रिड्यूस झालेलं बारीक निकेल हवेत तापतं, म्हणून हवा थोडी थोडी करून सोडा.

आता बघा. क्वार्ट्झची नळी असेल तर काही काढण्याआधी बाहेरूनच, पट्टी शेजारी धरून फोटो घ्या.

काळा पट्टा फक्त वरच्या काही मिलिमीटरमध्ये असेल तर मिथेन तिथे खरवडणाऱ्या गॅसशिवाय पोचतोय, किंवा फीडमध्ये इथेन-प्रोपेन आहे. संपूर्ण बेड सारखाच काळा आणि फुगलेला असेल तर प्रमाण, तापमान किंवा खरोखर कॅटॅलिस्ट. बेड बऱ्यापैकी स्वच्छ, पण खालचं वूल आणि त्याखालची नळी काळी असेल तर कॅटॅलिस्टला हात लावू नका. तिथे सिनगॅस थंड होताना ६०० च्या आसपास रेंगाळतोय आणि बुडुआर अभिक्रिया होते आहे. बेडनंतरची रिकामी जागा क्वार्ट्झच्या दांडीने भरा, म्हणजे गॅस तो पट्टा झटकन ओलांडेल. मोठ्या प्लांटमध्ये रिफॉर्मरनंतर गॅस वेस्ट हीट बॉयलरमध्ये पटकन थंड करतात, त्याचं एक कारण हेच. बेडच्या वर भिंतीवर चकचकीत करडा लेप असेल तर मिथेन बेडला पोचण्याआधीच फार तापतोय.

वर, मध्य आणि खाल असे तीन नमुने वेगळ्या बाटल्यांत ठेवा. सगळं एकत्र ओतलं तर ही माहिती कायमची जाते. भुकटी हाताळताना मास्क, हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच, कारण निकेलच्या संयुगांची धूळ कर्करोगकारक आहे.

नळी स्वतःच कॅटॅलिस्ट आहे का

नळी स्टेनलेस स्टीलची असेल तर ही तपासणी टाळू नका. कॅटॅलिस्टच्या जागी क्वार्ट्झचे तुकडे भरून तोच फीड, तेच तापमान, तितकाच वेळ चालवा. काळं झालं तर स्टीलमधलं लोह आणि निकेलच कार्बन बनवत आहेत. हे दुर्लक्षित राहिलं तर पुढची पायरी धातूची भुकटी होण्याची. साधारण ४५० ते ८०० अंशांत कार्बनने भरलेल्या गॅसमध्ये धातू आतून भुकटी होत जातो आणि खड्डे पडतात. क्वार्ट्झची किंवा ॲल्युमिनाची आतली नळी बसवली की प्रयोगशाळेत हा प्रश्न मिटतो.

गॅसचा सिलिंडरही बघा. पाइपलाइनचा नैसर्गिक वायू वापरत असाल तर त्यात इथेन, प्रोपेन आणि वासासाठी घातलेली गंधकाची संयुगं असतात. जड हायड्रोकार्बन मिथेनपेक्षा सहज फुटतात. म्हणूनच प्लांटमध्ये आधी झिंक ऑक्साइडवर गंधक काढतात आणि अनेक ठिकाणी त्यानंतर प्री-रिफॉर्मर (जड हायड्रोकार्बन आधीच मोडणारा रिॲक्टर) असतो.

कॅटॅलिस्ट बदलायचा तर

इथवरचं सगळं स्वच्छ निघालं तरच. ड्राय रिफॉर्मिंगमध्ये, एकास एक फीड आणि वातावरणीय दाबावर, समतोलाचा हिशेब साधारण ८५०-९०० अंशांपर्यंत कार्बनच्याच बाजूने असतो. तिथे कॅटॅलिस्टला वेगाच्या जोरावर कार्बनवर मात करावी लागते, म्हणून त्याची निवड खरंच महत्त्वाची ठरते.

निकेलचे कण लहान ठेवणं हा पहिला नियम. तंतू सुरू व्हायला निकेलचे शेजारी शेजारी बरेच अणू लागतात, रिफॉर्मिंगला कमी पुरतात. मोठा कण म्हणजे तंतूला आयतं अंगण. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये निकेल ऑक्साइड घट्ट मिसळून राहतं आणि लहान कण देतं. लँथेनम आणि सेरियमचे ऑक्साइड कार्बन खरवडायला मदत करतात. नुसत्या आम्लधर्मी ॲल्युमिनावर कार्बन लवकर धरतो. पोटॅशियमने कार्बन कमी होतो, पण ॲक्टिव्हिटीही कमी होते आणि ते हळूहळू उडून खालच्या लाइनमध्ये जातं. तरी प्लांटमध्ये नळीच्या वरच्या भागात पोटॅशवाला कॅटॅलिस्ट भरतात, कारण कार्बनचा धोका तिथेच जास्त.

हाल्डोर टोप्सो कंपनीत रोस्ट्रुप-नील्सन यांनी दाखवलेला मार्ग आणखी वेगळा: मोजून थोडं गंधक देऊन निकेलचा बराचसा पृष्ठभाग मुद्दाम झाकायचा. उरलेल्या छोट्या मोकळ्या जागांवर रिफॉर्मिंग चालतं, तंतू मात्र सुरू होऊ शकत नाही. ॲक्टिव्हिटीची किंमत मोजावी लागते. ऱ्होडियम आणि रुथेनियममध्ये कार्बन निकेलसारखा विरघळत नाही, म्हणून ते शांतपणे चालतात, पण महाग. फीड आणि तापमान दुरुस्त न करता त्यांच्याकडे वळू नका. थेंबाथेंबाने जाणारी वाफ ऱ्होडियमच्या खर्चाने झाकणं मला पटत नाही.

जाळायचाच असेल तर

मी शक्यतो वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडने कार्बन काढतो. या अभिक्रिया उष्णता शोषतात, त्यामुळे बेड भडकत नाही. मात्र घट्ट, ग्रॅफाइटसारखा कार्बन त्याने सहज जात नाही.

ऑक्सिजन वापरायचा तर आधी मिथेन आणि हायड्रोजन नायट्रोजनने पूर्ण बाहेर काढा. नायट्रोजनमध्ये १-२ टक्के ऑक्सिजनने, ३५० अंशांच्या आसपास सुरुवात करा आणि बेडच्या आतल्या थर्मोकपलवर नजर ठेवून सावकाश वर जा. १ ग्रॅम कार्बन जळताना सुमारे ३३ किलोजूल उष्णता सुटते. एकदम हवा सोडली तर छोट्या बेडचं तापमान काही क्षणांत शेकडो अंशांनी उडू शकतं, मग निकेलचे कण मोठे होतात आणि ॲल्युमिनासोबत निकेल ॲल्युमिनेट बनतं, जे पुन्हा रिड्यूस करायला बरंच जास्त तापमान लागतं. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला तर माहितीही मिळते. सैल कार्बन ३००-४०० अंशांत जळतो, तंतू आणि ग्रॅफाइटी कार्बन साधारण ५०० ते ७०० मध्ये.

जाळण्याने तंतूच्या टोकावरचं निकेल मूळ जागी परत जात नाही. ते मिळेल तिथे पडतं, मोठे कण होतात आणि पुढचा कार्बन आणखी लवकर धरतो. दर वेळी जाळल्यावर दोन तुंबण्यांमधलं अंतर कमी होत असेल तर हेच चाललंय. तो कॅटॅलिस्ट संपला, बदला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर तपासणी तिथेच सोडा, शक्य असेल तर गॅस बाहेरून बंद करा, बाहेर पडा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि डोकं दुखायला लागेपर्यंत थांबणं म्हणजे फार उशीर.

बेड कार्बन मोनॉक्साइडमध्येच थंड झाला असेल, वीज गेल्यामुळे का असेना, तर नळी उघडू नका. निकेल कार्बोनिलची शक्यता धरून चाला आणि विषारी वायू हाताळणाऱ्या माणसांना बोलवा.

पूर्ण तुंबलेली, गरम, आत दाब अडकलेली नळी कधीही सळई घालून मोकळी करायची नाही आणि दाब वाढवून ‘ढकलायची’ तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंनी वेगळी करा, थंड होऊ द्या, आणि दाब सुरक्षितपणे कुठून सोडायचा ते उपकरणाच्या अभियंत्याला ठरवू द्या.

जाळताना ऑक्सिजन बंद करूनही तापमान चढतच राहिलं तर फक्त नायट्रोजन चालू ठेवा, भट्टी बंद करा आणि दूर व्हा.

धातूच्या नळीत आतून खड्डे, पातळ झालेली भिंत किंवा जोडांजवळ काळी धातूची भुकटी दिसली तर ती नळी पुन्हा दाबाखाली घेऊ नका. तिची जाडी मोजून निर्णय देणं दाबाच्या उपकरणांच्या तपासनीसाचं काम आहे.

आणि प्लांटमधल्या रिफॉर्मरच्या नळीवर लाल पट्टे किंवा डाग दिसत असतील तर हा मजकूर बाजूला ठेवा. अशा नळ्यांबद्दल प्रचलित ठोकताळा असा की भिंतीचं तापमान डिझाइनपेक्षा २० अंशांनी वाढलं तरी आयुष्य जवळपास निम्मं होतं. तिथे वाफ वाढवायची, लोड कमी करायचा की युनिट थांबवायचं, हे प्रोसेस इंजिनीअर आणि कॅटॅलिस्ट पुरवणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञाने, नळ्यांचं तापमान पायरोमीटरने मोजून, त्याच शिफ्टमध्ये ठरवायचं असतं.